चावी कुणाच्या हातात?

चेन्नईजवळचं श्रीपेरुंबुदूर आपल्याला माहीत आहे ते 21 मे 1991 च्या रात्री तिथे झालेल्या राजीव गांधींच्या हत्येमुळे. मला आज बोलायचंय ते तिथल्या सॅमसंगच्या कामगारांबद्दल.

2024 मध्ये त्यांनी संघटना बांधली, नोंदणीसाठी अर्ज केला. कायदा तेव्हा 1926 चा, संघटनेचा हक्क तर घटनेच्या 19 व्या कलमातच. तरी अर्ज पडून राहिला. संघटनेच्या नावात ‘सॅमसंग’ नको, ही कंपनीची हरकत. 9 सप्टेंबरला संप सुरू झाला, 37 दिवस चालला. संप मिटला तेव्हाही नोंदणी नव्हतीच! उच्च न्यायालयानं मुदत घालून दिली, तेव्हा कुठे 27 जानेवारी 2025 ला ती झाली.

आपल्या गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला असतो ना, तसं आहे हे. पाइप घरापर्यंत आलेला, नळ नवाकोरा. पण कोपऱ्यावरची चावी फिरली नाही तर हंडा कोरडाच. चावीवाला बिचारा दुष्ट नसतो, त्याला वरून सांगणं असतं. तमिळनाडूत वरच्यांना परदेशी गुंतवणूक हवी होती, आणि संघटना ज्या सिटू या कामगार महासंघाची, त्यामागचे मार्क्सवादीही सत्ताधाऱ्यांच्याच आघाडीत होते. मग चावी ना उघडी, ना बंद. नीट ऐका, लेखी नकार मिळाला असता तर त्यावर अपील होतं. गप्प बसण्यावर अपील नाही.

आपल्या मुंबईच्या गिरणगावात तर पाइप टाकतानाच चाळीला एक नळ दिला होता. 1946 च्या कायद्यानं मान्यता एकाच प्रातिनिधिक युनियनला, ती राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे काँग्रेसच्या माणसांकडे. 1982 च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे उभे राहिले, पण कायद्याच्या लेखी सामंत कुणीच नव्हते. कायद्याचं बळ कागदात नसतं हो, चावीत असतं. पुन्हा सांगतो, चावीत. आणि चावी राजकारणाच्या हाती.

आता नवी औद्योगिक संबंध संहिता आलीय, अनेक संघटना असतील तिथे एकटीनं वाटाघाटी करायला 51 टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट आहे, तिच्याबद्दलही... पण वेळ संपत आलाय. एवढं मात्र करा. आपल्या जिल्ह्यात संघटनांच्या नोंदणीचे किती अर्ज पडून आहेत आणि कधीपासून, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर लेखी मागा.