अठरा पूर्ण झाली, आता कुठे जायचं? इंग्लंडमध्ये कौन्सिल 'पालक' असते तेव्हा

  हेडफोन नीट लावा, कारण आजचा विषय जरा वेगळा आहे.

एक साधा प्रश्न विचारते. तुम्ही अठरा वर्षांचे झालात त्या दिवशी काय बदललं? मतदार यादीत नाव, लायसन्सचा फॉर्म, मित्रांना पार्टी. पण घर तेच राहिलं ना? जेवायला आईच वाढत होती. फी भरायची वेळ आली की बाबांनीच कुठून तरी जमवाजमव केली. आता अशी कल्पना करा, की अठरावा वाढदिवस म्हणजेच घर सोडायची तारीख. आणि मागे फोन करायला कोणीच नाही.

जी मुलं आईवडिलांजवळ न राहता सरकारी देखरेखीखाली वाढतात, त्यांच्यापुढे हा प्रश्न जगभर असतो. आज आपण बघणार आहोत की इंग्लंडने यावर काय उत्तर शोधलंय, आणि ते कुठे अपुरं पडतं.

तिथे अशा मुलांची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर असते. कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारखी किंवा जिल्हा परिषदेसारखी संस्था. कचरा उचलणारी, रस्ते बघणारी, तीच मुलांचीही काळजी घेते. याचा पाया म्हणजे १९८९ चा चिल्ड्रन ॲक्ट. मूल कौन्सिलकडे येण्याचे मुख्य रस्ते दोन. एक, पालकांच्या संमतीने : आई आजारी आहे, सांभाळायला कोणी नाही, असं काही. दुसरा, कोर्टाच्या आदेशाने : घरात मुलाला गंभीर इजा होतेय किंवा होण्याची शक्यता आहे, हे कोर्टाला पटलं तर. इंग्लंडमध्ये अशी ८० हजारांहून जास्त मुलं आहेत. त्यातली साधारण दोन तृतीयांश मुलं फॉस्टर कुटुंबांत राहतात. म्हणजे दत्तक नाही, पण एखादं कुटुंब त्यांना आपल्या घरी सांभाळतं आणि कौन्सिल त्याचा खर्च देते. बाकीची बालगृहात वगैरे.

आता एक गंमतीचा शब्द. अशा कौन्सिलला तिथे 'कॉर्पोरेट पेरेंट' म्हणतात. आपल्याला कॉर्पोरेट म्हटलं की टाय लावलेली कंपनी आठवते. पण नगरसेवकाला आपण 'कॉर्पोरेटर' म्हणतोच की! तोच अर्थ धरा. पालक म्हणजे एकटी सोशल वर्कर नाही, तर अख्खी कौन्सिल : निवडून आलेले सदस्य, घरांचं खातं, शिक्षण खातं, सगळे मिळून. २०१७ च्या कायद्याने यासाठी सात तत्त्वं घालून दिली. मुलाचं म्हणणं ऐकून घ्या, त्याच्याबद्दल मोठी स्वप्नं बघा, त्याच्या आयुष्यात स्थैर्य ठेवा, अशी. थोडक्यात कसोटी एकच : हे माझ्या स्वतःच्या मुलासाठी मला चाललं असतं का?

बरं, तत्त्वं झाली. रोजच्या जगण्यात काय मिळतं?

प्रत्येक मुलाचा एक केअर प्लॅन असतो. दर काही महिन्यांनी त्याचा आढावा घेतला जातो, आणि तो घेणारा अधिकारी मुलाच्या सोशल वर्करपेक्षा वेगळा, स्वतंत्र असतो. कौन्सिल चुकतेय असं वाटलं तर तसं सांगणं हे त्याचं कामच आहे. शिक्षणासाठी प्रत्येक कौन्सिलकडे एक 'व्हर्च्युअल स्कूल हेड' असतो. ऑनलाइन शाळा नव्हे हं! मुलं वेगवेगळ्या शाळांत शिकत असतात, पण हा माणूस जणू त्या सगळ्यांचा मुख्याध्यापक. कोणाची शाळा बुडतेय, कोणाला शिकवणी हवीय, यावर त्याचं लक्ष.

आणि मग येतो अठरावा वाढदिवस.

पूर्वी तिथेही मुलं अगदी कोवळ्या वयात बाहेर पडायची आणि मागे कोणी विचारत नसे. २००० च्या कायद्याने हे बदलायला सुरुवात झाली. सोळाव्या वर्षानंतर मुलासोबत बसून 'पाथवे प्लॅन' बनवायचा : राहणार कुठे, शिकणार काय, पैसे कसे सांभाळणार. सोबत एक पर्सनल ॲडव्हायजर द्यायचा, ज्याला फोन करता येईल, जो अधूनमधून येऊन भेटेल. २०१७ च्या कायद्यानंतर ही सोबत वयाच्या २५ वर्षांपर्यंत मागता येते. फॉस्टर कुटुंब आणि मूल दोघांची तयारी असेल, तर 'स्टेइंग पुट' या व्यवस्थेत २१ पर्यंत त्याच घरी राहता येतं. पहिलं घर मांडायला मिळणारं अनुदान २०२३ मध्ये २,००० वरून ३,००० पौंड झालं. म्हणजे गादी, फ्रिज, भांडीकुंडी. विद्यापीठात गेलात तर २,००० पौंडांची वेगळी मदत. शिवाय आपण या मुलांना काय काय देतो, हे प्रत्येक कौन्सिलने जाहीर करणं बंधनकारक आहे.

ऐकायला छान वाटतंय ना? आता दुसरी बाजू.

पहिली गोष्ट, कुठल्या गावात आहात यावर बरंच अवलंबून. कितीतरी कौन्सिल या तरुणांचा कौन्सिल टॅक्स २५ वर्षांपर्यंत माफ करतात, पण इंग्लंडमध्ये तशी सक्ती नाही. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र २०१८ पासून २६ च्या आतल्या सगळ्यांना तो माफ केलाय. दुसरी गोष्ट, काही भागांत मुलांचं खातं काउंटी कौन्सिलकडे आणि घरांचं खातं डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे. पालक एकच म्हणायचा, पण त्याचा उजवा हात एका इमारतीत आणि डावा दुसऱ्या. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी : १९ ते २१ वयातल्या अशा तरुणांपैकी दहातले जवळपास चार ना शिकत असतात, ना नोकरीत. सगळ्या समाजात हेच प्रमाण यापेक्षा कितीतरी कमी आहे. प्लॅन कागदावर आहे, पण ॲडव्हायजर तीनदा बदलला तर फोन करायचा कोणाला?

इथे मला लेम सिसे आठवतात. इंग्लंडचे नामवंत कवी, मँचेस्टर विद्यापीठाचे माजी चॅन्सलर. आई इथिओपियाची. बाळाचं नाव सोशल वर्करने बदलून नॉर्मन ठेवलं. फॉस्टर कुटुंबाने बाराव्या वर्षी परत पाठवलं, मग बालगृहं. आपलं खरं नाव लेम आहे, हे त्यांना बाहेर पडतानाच्या वयात कळलं. स्वतःची फाइल मागत त्यांची कित्येक वर्षं गेली. ती हातात पडली २०१५ मध्ये.

विचार करा, आपण लहानपणी कसे होतो हे आपल्याला कोण सांगतं? आजी सांगते, मावशी सांगते, जुना अल्बम सांगतो. या मुलांची आजी म्हणजे कौन्सिलचं कपाट! म्हणून फाइलमध्ये काय लिहिलंय आणि कसल्या भाषेत लिहिलंय, हेही पालकत्वच आहे.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे हे काम महापालिकेचं नाही, राज्याच्या महिला व बालविकास विभागाचं. बाल कल्याण समिती निर्णय घेते, जिल्हा बाल संरक्षण कक्ष काम बघतो. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे अठरानंतर २१ पर्यंत अनुरक्षणाची सोय आहे आणि मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद. २०१८ मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षणही आणलं. त्यामागे अमृता करवंदे या तरुणीचा लढा होता. स्पर्धा परीक्षेत मार्क असूनही केवळ अनाथ म्हणून कुठल्या रकान्यात बसवायचं हा प्रश्न तिच्यापुढे आला, आणि ती थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली.

म्हणजे कायदा आपल्याकडेही आहे. पण इंग्लंडकडून घ्यायची गोष्ट मला पैशांपेक्षा वेगळी वाटते. तिथला कायदा एका ठरावीक संस्थेकडे बोट दाखवून म्हणतो, 'याचे पालक तुम्ही.' मग मदत नाही मिळाली तर जाब कोणाला विचारायचा, हे त्या मुलाला माहीत असतं. सोय असणं आणि ती कोणाकडे मागायची हे ठाऊक असणं, यात फार अंतर आहे.

तुमच्या कॉलेजात, पीजीत, कामाच्या ठिकाणी बालगृहातून आलेलं कोणी असेल, तर दया नको, माहिती द्या. जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जाऊन अनुरक्षण योजनेची आणि अनाथ प्रमाणपत्राची चौकशी करायला सांगा. जमलं तर सोबत जा, कारण सरकारी कार्यालयात एकट्याने जाणं कुणालाही जड जातं. आणि अठराच्या आतलं एखादं मूल अडचणीत दिसलं, तर १०९८ हा नंबर लक्षात ठेवा, फोन फुकट लागतो.

आणि दिवाळीला त्याला घरी जेवायला बोलवा. हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!