सरकारी खरेदी आणि मालकीचा प्रश्न
(पणदरे येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहखर्च आणि शेती ह्या विषयांवर विद्वान वक्ते आपणांस मार्गदर्शन करीत आले आहेत. मी आज थोडा रुक्ष विषय घेऊन उभा आहे, त्याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. सरकार जेव्हा लोकांच्या पैशाने माल विकत घेते, तेव्हा तो कोणाकडून घ्यावा? स्वदेशी माणसाकडून, असे आपण चटकन म्हणू. पण स्वदेशी कोणास म्हणावे, हाच खरा प्रश्न आहे.

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आपणांस दूर जावयास नको. शेजारच्या इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे आहे. ज्यांच्या नावाने ते वसले, ते सोलापूरचे वालचंद हिराचंद ह्यांनी आपली हयात ह्याच प्रश्नाशी झुंजण्यात घालविली. 5 एप्रिल 1919 रोजी सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट मुंबईहून विलायतेस निघाली, तेव्हा समुद्र आपला असूनही वाहतूक परक्यांची होती. 1923 च्या करारान्वये ह्या हिंदी कंपनीच्या जहाजांच्या वाढीवर मर्यादा पडल्या. किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवावी, असे विधेयक 1928 मध्ये हाजी ह्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात आणले; ते तडीस गेले नाही. पुढे 1935 च्या कायद्याने तर ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करण्यास मनाईच घातली. त्याच सुमारास अनेक परदेशी कंपन्यांनी येथे नोंदणी करून आपल्या नावापुढे ‘इंडिया लिमिटेड’ ही अक्षरे जोडली. पाटी हिंदी, भांडवल आणि सूत्रे परकी! केवळ येथे नोंदणी झाली म्हणून कंपनी हिंदी होते काय, हा वाद तेव्हापासून चालत आला आहे.

स्वराज्य आल्यावर हा प्रश्न सुटला असे नाही. त्याचे रूप मात्र पालटले. 15 जून 2017 रोजी केंद्र सरकारने सरकारी खरेदीत देशी उत्पादनास प्राधान्य देणारा आदेश काढला. 2020 च्या सुधारणेनुसार ज्या मालात निम्मे वा अधिक मूल्य देशात घातलेले असेल, त्याचा पुरवठादार पहिल्या वर्गाचा. वीस टक्के वा अधिक, पण निम्म्याहून कमी असेल, तर दुसऱ्या वर्गाचा. सर्वांत कमी दर दुसऱ्याच कोणाचा असला, तरी वीस टक्क्यांच्या आत असलेल्या पहिल्या वर्गाच्या पुरवठादारास तोच दर मान्य करून काम घेण्याची संधी मिळते.

येथे एक मर्म ध्यानात घ्यावे. हा आदेश मालक कोण हे विचारीत नाही. माल कोठे घडला हे विचारतो. आपल्या बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ ह्या इटालियन कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आहे. मालकी इटलीची, पण घाम आपल्या मुलांचा. उलटपक्षी, बाहेरचा माल आणून केवळ वेष्टन बदलणारा व्यापारी आपल्या गावचा असला, तरी ह्या कसोटीस उतरत नाही.

परंतु 23 जुलै 2020 च्या आदेशाने दुसरी कसोटी पुढे आणली. भारताच्या भूसीमेस लागून असलेल्या देशांतील निविदाकारांस आधी नोंदणी करणे आवश्यक ठरले. आणि तेथे कंपनीच्या पाटीमागचा खरा लाभधारी मालक कोण, हे तपासले जाऊ लागले. कंपनीत पंचवीस टक्क्यांहून अधिक वाटा कोणाचा, नियंत्रण कोणाच्या हाती, हे सांगावे लागते. त्याच वर्षी जून महिन्यात मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने मोनोरेलच्या दहा गाड्यांची निविदा रद्द केली. बोली लावणाऱ्या दोन्ही कंपन्या चिनी होत्या. अटी बदलण्याची त्या वारंवार मागणी करीत असल्याचे कारण प्राधिकरणाने दिले. पुढे ह्या गाड्यांचे काम हैदराबादच्या मेधा उद्योगाकडे गेले.

बंधुभगिनींनो, हे सारे आपणांस कशासाठी सांगत आहे? कारण हाच मालकीचा प्रश्न आता आपल्या उंबऱ्याशी आला आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी व उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी पंचवीस टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरण आहे. त्यांत चार टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या, तर तीन टक्के स्त्रियांच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत. सवलत आली की तिच्यामागून नाव उसने मागणाराही येतो.

माझ्या परिचयातील एका घरी असेच घडले. शहरातील एका कंत्राटदाराने घरच्या सुनेच्या नावे उद्योग नोंदविला. तिने कोऱ्या कागदांवर व चेकांवर सह्या केल्या. मोबदला म्हणून महिन्याकाठी थोडी रक्कम मिळे. माल निकृष्ट निघाला, तेव्हा कंत्राटदार नामानिराळा राहिला आणि नोटीस तिच्या नावे आली. कारखान्याचे दार कोणत्या दिशेस आहे, हेही त्या बाईस ठाऊक नव्हते! परक्यांच्या ‘इंडिया लिमिटेड’वर आपण रोष धरावा, आणि स्वतःच्या घरात तोच प्रकार चालू द्यावा, हे कोणत्या न्यायाने?

देशी मूल्याचे खोटे प्रमाणपत्र देणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सरकारी व्यवहारातून दूर ठेवता येते. पण दंडाहूनही मोठी हानी अशी की, जी सवलत खऱ्या होतकरू तरुणासाठी आहे, ती खोट्या नावांनी भरून जाते.

म्हणून माझी संस्थेस नम्र सूचना आहे. आपल्यातील हिशेबनीस, वकील आणि निवृत्त अधिकारी ह्यांची एक लहानशी समिती नेमावी. उद्योगाची नोंदणी, निविदा भरणे आणि हिशेब ठेवणे ह्या कामी तिने तरुणांस, विशेषतः भगिनींस, विनामूल्य साह्य करावे. आणि कोणी सही मागावयास आला, तर सही करण्यापूर्वी कागद ह्या समितीस दाखविण्याची प्रथा पाडावी.

नीरेच्या डाव्या कालव्याने ह्या परिसराची जमीन भिजविली. पण ज्याने नांगर धरला, त्याच्याच घरी धान्य आले. मालकी म्हणजे केवळ नाव नव्हे. जोखीम, श्रम आणि निर्णय ज्याचे, तोच मालक. आपल्या मुलामुलींनी असे खरे मालक व्हावे, एवढी इच्छा व्यक्त करतो.