अडकलेली झडप
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल बोलायचं ठरलंय. डॉक्टर बोलले, बँकवाले बोलले. माझं गॅरेज आहे, तेव्हा मी एका झडपेबद्दल बोलणार. कंटाळा आला तर चहा बाहेर तयार आहे!

आमच्या तालुक्यातल्या एका आजोबांकडे जीएमसीचा दहा चाकी लष्करी ट्रक आहे, दुसऱ्या महायुद्धातला. अमेरिकेने असे पाच लाखांहून जास्त बनवले. आसामातल्या लेडोहून ब्रह्मदेशमार्गे चीनला जो रस्ता काढला, त्यावरही ते धावले. युद्धानंतर लष्कराने उरलेला माल विकला, त्यात आजोबांच्या वडिलांनी हा घेतला. आता तो सकाळी थंड असताना झकास चालायचा, पण पाच-सात किलोमीटर गेला की दम टाकायचा. चढावर तर बंदच. अर्धा तास थांबलं की पुन्हा सुरू. दोन मेकॅनिकांनी पेट्रोल पंप बदलला, कार्ब्युरेटर दोनदा उघडला. मुलं म्हणाली, दिवाळीपर्यंत जमलं नाही तर भंगारात. भंगारवाला भाव सांगून गेलाही होता.

बिघाड कार्ब्युरेटरच्या खाली होता. या इंजिनात जळलेला वायू बाहेर नेणारं बिडाचं मॅनिफोल्ड आणि पेट्रोल-हवा आत नेणारं मॅनिफोल्ड एका जागी जोडलेली असतात. तिथे एक झडप असते. इंजिन थंड असताना ती गरम वायू वर वळवते, म्हणजे पेट्रोलची नीट वाफ होते. इंजिन तापलं की स्प्रिंग सैल पडते, वजन खाली येतं आणि वायू सरळ सायलेन्सरकडे जातो. ही स्प्रिंग दोन धातूंची. सर, नववीत तुम्ही पितळ-लोखंडाची पट्टी बर्नरवर धरली होती ना, ती वाकली होती, तीच इथे गुंडाळून बसवलेली. इथे काजळीने आणि गंजाने झडपेचा शाफ्ट बुशात जाम झाला होता, तोही थंडीच्या बाजूला. त्यामुळे कार्ब्युरेटर सतत भाजला जायचा आणि त्यातलं पेट्रोल उकळायचं.

मोठा हातोडा उचलायची सोय नव्हती. ऐंशी वर्षांचं बीड. तडा गेला तर इथे दुसरं मिळत नाही, आणि एवढ्या उष्णतेत वेल्डिंगचा भरवसा नाही. वजनाला पाना लावून पिळलं असतं तर शाफ्टच तुटला असता. म्हणून एटीएफ तेल आणि ॲसिटोन सम प्रमाणात मिसळून शाफ्टच्या दोन्ही टोकांना तीन दिवस सोडत राहिलो. रोज पितळी दांडा टेकवून छोट्या हातोडीने टिचक्या, एकदा या बाजूने, एकदा त्या. शाफ्ट फिरवायचा नाही, आधी लांबीत केसभर सरकवायचा. चौथ्या दिवशी कार्ब्युरेटर उतरवला, पेट्रोलची नळी बंद केली, सगळं पुसून कोरडं केलं आणि बुशाभोवती गॅसची आच दिली. पाणी मारलं नाही. आपोआप निवू दिलं. पूर्ण गार झाल्यावर पुन्हा तेल. सहाव्या दिवशी संध्याकाळी शाफ्ट हलला. आवाजसुद्धा झाला नाही. आजोबा खुर्चीवरून उठून जवळ आले आणि वजन स्वतःच्या बोटाने वरखाली करत बसले.

बरेच जण अशी झडप कायमची उघडी बांधून टाकतात. आपल्या हवेत चालतंही तसं. पण पहाटेच्या थंडीत इंजिन खोकत राहतं, आणि जी वस्तू दुरुस्त होते ती बांधून का ठेवायची? आता तिथे फक्त ग्रेफाइट पावडर घालतो. साधं तेल जळून पुन्हा काजळीच धरतं.

दिवाळीच्या आधी आम्ही घाट चढलो. वर पोचल्यावर आजोबांनी इंजिन बंद केलं नाही, बॉनेट उघडून वजन खाली आलंय का ते पाहिलं. आलं होतं.

जुन्या स्प्रिंगचा ताण गेला होता, म्हणून नवी अमेरिकेतून मागवली. जुनी मी आज खिशात आणली आहे. सर, चहाच्या वेळी लायटरवर धरून दाखवतो.