चित्र दाखवणाऱ्याला काय हवे असते?

(अहिल्यानगर येथे हौशी निसर्गचित्रकारांच्या एकत्रीकरणात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



या सभागृहाच्या भिंतींवर लावलेली सुमारे चाळीस चित्रे मी सकाळपासून पाहतो आहे. ती काढणाऱ्यांत शिक्षक आहेत, बँकेतील कर्मचारी आहेत, गृहिणी आहेत, एक निवृत्त एस.टी. चालक आहेत आणि इयत्ता नववीत शिकणारी एक मुलगीही आहे. चित्रकलेवर यांपैकी कोणाचाही चरितार्थ अवलंबून नाही. सुटीच्या दिवशी कधी भुईकोट किल्ल्याच्या खंदकाकाठी, कधी डोंगरगणला, तर कधी थेट भंडारदऱ्याला जाऊन ही मंडळी कागद उघडून बसतात. आज ती चित्रे परस्परांना दाखवण्यासाठी आणली आहेत. अशा वेळी पाहुण्याने चार गौरवोद्गार काढावेत, चहा घ्यावा आणि निघावे, अशी रीत आहे. मलाही ते सोपे होते. परंतु माझ्यावर एक जुने ऋण आहे. ते आधी सांगतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी एका दैनिकात वार्ताहर होतो. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या जलरंगांतील चित्रांचे लहानसे प्रदर्शन भरवले होते. अकरा चित्रे, आणि अकराही एकाच स्थळाची : पाथर्डी रस्त्यावरील शहाडोंगर आणि त्याच्या माथ्यावरील ती अष्टकोनी इमारत. तिला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘चांदबीबीचा महाल’ म्हणत आलो. प्रत्यक्षात ती निजामशाहीतील मंत्री सलाबतखान याची कबर आहे. (न पाहता, न विचारता आपण काय काय म्हणत असतो, याचे हे एक उदाहरण समजा.) मी तेथे अर्धा तास होतो आणि त्यातील बराचसा वेळ व्यासपीठावरील भाषणे टिपून घेण्यात गेला. दुसऱ्या दिवशी बातमी छापून आली. ‘अप्रतिम रंगसंगती’, ‘निसर्गाचे मनोहारी दर्शन’, ‘रसिक मंत्रमुग्ध’ हे सर्व शब्द तीत होते.

चार दिवसांनी ते गृहस्थ कात्रण घेऊन कार्यालयात आले. मी म्हटले, “बसा काका, आवडली ना बातमी?” ते म्हणाले, “साहेब, बातमी छान आली. घरच्यांनी जपून ठेवली आहे. पण एक विचारू? तुम्ही माझी चित्रं पाहिली होती का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. मग तेच पुढे म्हणाले, “अकराही चित्रांत माझा डोंगर जमिनीवर बसत नाही. तरंगतो. मला ते दिसतं, पण का होतं ते कळत नाही. म्हणून तर तोच डोंगर अकरा वेळा काढला. वाटलं, पेपरवाला माणूस, दहा ठिकाणी जातो, तो तरी सांगेल.”

ते प्रदर्शन त्यांनी कौतुकासाठी भरवलेच नव्हते. त्यांना एक प्रश्न विचारायचा होता, आणि साऱ्या शहराने त्यांच्या हाती पुष्पगुच्छ दिला. काही वर्षांनी ते बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, “आता काढत नाही.” दृष्टी शाबूत होती, वेळही होता. विचारावे असे कोणी उरले नव्हते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला फार उशिरा सापडले. एप्रिलमधील एका सकाळी मी त्याच रस्त्याच्या कडेला उभा राहून डोळे किलकिले करून डोंगराकडे पाहिले. चित्रकार असे पाहतात, म्हणजे तपशील पुसला जातो आणि केवळ उजळ-गडद तेवढे राहते. डोंगराचा पायथा मला दिसेचना! माथा स्पष्ट होता. पण खाली येता येता उतार पसरट होत गेला होता, त्यावरचा मुरूम आणि शेतातली धूळ एकाच रंगाची झाली होती. काकांनी मात्र पायथ्याशी एक ठसठशीत गडद रेषा ओढली होती. अकराही चित्रांत. त्या रेषेने डोंगर कापून उचलून ठेवला होता. एवढेच सांगायचे होते. त्याला दहा मिनिटे पुरली असती.

आता या भिंतीवरील चित्रांकडे वळतो. मी दोष दाखवणार आहे, राग मानू नये.

आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या आहेत. त्यांतले स्मरणचित्र आठवा. दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नागमोडी नदी, काठावर नारळाचे झाड आणि कौलारू झोपडी. कर्जत-जामखेडच्या मुलानेही नारळच काढला, कारण त्याच्या दारातली बाभूळ ‘चित्रात घेण्याजोगी’ आहे असे त्याला कोणी सांगितलेच नाही. तो त्रिकोण आजही आपल्या हातातून गेलेला नाही. येथे गर्भगिरीची सात-आठ चित्रे आहेत आणि निम्म्याहून अधिक चित्रांत डोंगराला टोक आहे. गर्भगिरीला टोक कोठे आहे? आपले डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे. थरावर थर, म्हणून माथा सपाट आणि अंगावर आडव्या पायऱ्या. अकोले तालुक्यात कळसूबाई-रतनगडाकडे सुळके आहेत, ते तिकडे खुशाल काढावेत. हा राज्यातील सर्वांत विस्तीर्ण जिल्हा. एका टोकाला सह्याद्रीचा धुवाधार पाऊस, तर दुसऱ्या टोकाला पर्जन्यछायेतले माळरान. दोन्हींचा हिरवा रंग एकाच बाटलीतून कसा निघेल?

सकाळी गावाकडचे एक शेतकरी सहज डोकावले. त्या कोपऱ्यातील चित्रासमोर थांबून म्हणाले, “पळस फुललाय म्हणता, मग ज्वारी इतकी हिरवी कशी?” चित्र काढणाऱ्या ताई क्षणभर हिरमुसल्या, मग स्वतःच हसल्या. रब्बीची ज्वारी पळस फुलण्याच्या सुमारास काढणीला येते, पिवळी पडते. आजच्या दिवसातील सर्वांत मोलाचा अभिप्राय मला हा वाटतो. प्राचीन ग्रीसमधील अपेलीझ हा चित्रकार आपली चित्रे लोकांसमोर मांडून स्वतः मागे लपून बसे, अशी कथा आहे. चपला शिवणाऱ्या कारागिराने चित्रातील चपलेतली चूक दाखवली, ती त्याने मुकाट्याने सुधारली. दुसऱ्या दिवशी कारागीर पायाबद्दलही बोलू लागला, तेव्हा मात्र चित्रकाराने त्याला अडवले. कथेचा हा उत्तरार्ध मला पटत नाही. ऐकून तरी घ्यावे! आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्राने आचार्य, जाणकार आणि सामान्य प्रेक्षक चित्रात वेगवेगळ्या गोष्टी पाहतात याची नोंद शतकांपूर्वी घेतली आहे. ज्याला जे दिसते ते त्याच्याकडून घ्यावे.

आपणांपैकी अनेकजण संघकार्यातील आहेत. उत्सव झाला की समीक्षेची बैठक होते. वेळ पाळली गेली का, ध्वनिक्षेपक का बिघडला, निरोप कोणाला पोचले नाहीत, हे आपण नेमकेपणाने बोलतो, आणि त्यात कोणाला अपमान वाटत नाही. मग हीच माणसे चित्रासमोर उभी राहिली की ‘छान आहे, छान आहे’ म्हणत पुढे का सरकतात? मला वाटते, कला ही फावल्या वेळची बाब आहे, तेथे एवढे गांभीर्य कशाला, असे आपण मनातून धरून चाललो आहोत. तसे असते तर वेदांचे भाष्यकार पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर यांनी जे.जे. कला विद्यालयात मेयो पदक मिळवून हैदराबाद-लाहोरला चित्रकलेवर संसार केला नसता.

आणि हरिभाऊ वाकणकर! संस्कार भारतीच्या स्थापनेत ज्यांचा पुढाकार होता, ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. १९५७ साली रेल्वेने जात असताना खिडकीतून त्यांना काही वेगळ्या घडणीचे खडक दिसले. गाडीत इतर प्रवासीही होते. खिडकी त्यांनाही होती. हरिभाऊ शोध घेत तेथे पोचले आणि भीमबेटकाची शैलचित्रे जगापुढे आली. २००३ साली ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीत गेले. हरिभाऊ पुरातत्त्वज्ञ होते, तसेच हाताने चित्र काढणारे चित्रकारही होते, हे मला येथे महत्त्वाचे वाटते. शैलचित्रांच्या प्रतिकृती ते स्वतः करीत. प्रतिकृतीची परीक्षा समोरचा खडक घेतो, तेथे ‘छान’ला किंमत नसते.

अभिप्राय देणाऱ्यांना दोन शब्द. एक प्रकार स्तुतीचा, तो सांगून झाला. दुसरा त्याहून वाईट : “यापेक्षा मोबाईलवर फोटो काढायचा की!” अशा विनोदाने सभा हसते आणि एक माणूस घरी जाऊन रंगपेटी माळ्यावर टाकतो. चित्र समोर आले की मिनिटभर काही बोलूच नये. नजर प्रथम कोठे गेली आणि कोठे अडखळली, तेवढे सांगावे. उपाय सुचला तर सांगावा, न सुचल्यास नुसते अडखळणे सांगितले तरी चालते; काकांना तेही कोणी सांगितले नव्हते. चित्र काढणाऱ्यानेही “त्या दिवशी ऊनच तसे होते” असा खुलासा करू नये. ऊन तसे असेलही. पण कागदावर ते आले नाही, म्हणून तर समोरचा विचारतो आहे.

नववीतील त्या मुलीने सीना नदीचे चित्र काढले आहे. नदीत पाणी जवळजवळ नाही. वेड्या बाभळी, प्लास्टिक, पुलाखालचा काळा ओघळ. तिची शिक्षिका मला हळूच म्हणाली, “नदी जरा स्वच्छ दाखव, असं तिला सांगितलं होतं.” बाई, आपण सांगितले ते प्रेमानेच, परंतु तिने ऐकले नाही, हे फार चांगले झाले. चित्रातील पुलाची डावी कमान मात्र चुकली आहे. दोन्ही खांब एकाच रुंदीचे झाल्याने पूल दूर जात नाही. मुली, पुढच्या वेळी तेथेच बसून पेन्सिल हातभर लांब धरून मोज.

आता चहानंतर आपण एकेका चित्रापाशी थांबणार आहोत. डाव्या भिंतीवरचे तिसरे चित्र, नाव न लिहिलेले, शहाडोंगराचे, ते मी काढलेले आहे. पायथ्याची रेषा मी काढलेली नाही, तरीही त्यात काहीतरी बिनसले आहे आणि मला ते सापडत नाही. सुरुवात तेथून करावी, अशी विनंती आहे.