मातंगीसाठी कोण रडलं?

(उरला, रायपूर इथल्या मराठी तरुणांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले काही जण रोलिंग मिलची पाळी संपवून थेट इथे आलेत, म्हणून लांबण लावत नाही. मला विचारलं गेलं, समाजशास्त्रात पीएचडी करणारी, बावीस प्रतिज्ञा मानणारी मुलगी जादू, शाप, भुतंखेतं असलेल्या क्वीअर गोष्टींवर का बोलते? आपण तर चमत्कार नाकारले ना?

नाकारले. पण पुराण सांगतं, असं घडलं, म्हणून तू वाक. फँटसी म्हणते, असं घडलेलं नाही, पण घडलं असतं तर? तिला पुजारी लागत नाही. पोरंही सोडावी लागत नाहीत.

पोरं सोडणं काय असतं ते सौंदत्तीच्या यल्लम्माच्या वाटेवर कळतं. पोरीच्या केसांत जट आली की जोगतीण, पोरगा बायकी वाटला की जोगत्या. देवीला वाहिलेली ही लेकरं मुख्यतः दलित-बहुजन घरांतली. कर्नाटकाने 1982 साली आणि महाराष्ट्राने 2005 साली याविरुद्ध कायदे केले. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या याच जगाच्या. त्यांच्यावर बेतलेला ‘जोगवा’ 2009 साली आला, तुम्ही गाण्यांमुळे तरी पाहिला असेल. त्यात तायप्पाच्या अंगावर लुगडं लादलेलं आहे, म्हणून त्याची सुटका म्हणजे लुगड्यातून सुटका. ते रास्तच आहे. पण जिला लुगडं हवंय आणि देवी नकोय, तिने कुठे जायचं?

विजयदान देथांच्या ‘दोहरी जूण’ या राजस्थानी कथेत दोन बायका एकमेकींशी संसार मांडतात. भुताच्या वराने एक पुरुष होते आणि लगेच नवरेगिरी करू लागते. शेवटी तीच पुन्हा बाई होते. मर्दानगीवरचे कितीतरी सेमिनार मी ऐकले, हे इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही.

आता दुःखाबद्दल. जमदग्नी मेला म्हणून रांडाव पुनवेला जोगतिणी बांगड्या फोडतात, अहेव पुनवेला पुन्हा भरतात. म्हणजे ऋषीसाठी शोक करायला यांचे हात चालतात. दक्षिणेत रेणुकेची आणखी एक कथा सांगतात. परशुराम मारायला आला तेव्हा तिने एका अस्पृश्य बाईला, मातंगीला, मिठी मारली. दोघींची डोकी उडाली. जिवंत करताना धडं बदलली. दोन बाया, एक मिठी, एकच परशू. पुराण याला देवीचा महिमा म्हणतं. मातंगीच्या घरी कुणी रडलं का, हे त्यात नाही.

मला माहीत असलेल्या एका वस्तीत एक बाई वारली. अकरा वर्षं तिच्यासोबत राहिलेली बाई अंत्ययात्रेत शेजारणींच्याही मागे चालत होती. नातं काय, तर ‘मैत्रीण’. 17 ऑक्टोबर 2023 ला सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, तेव्हा बातम्यांत चर्चा लग्नाची होती. मला ती मागे चालणारी बाई आठवली. पेन्शन, खोली, अस्थी, कशावरच तिचं नाव नाही.

तिच्याकडे रात्री कुणी परत आलं, चुलीपाशी बसलं, भांडलं, असं लिहायला मला भुतावर विश्वास ठेवावा लागत नाही.

तुमच्यातलं कुणी मातंगीची गोष्ट लिहायला घेणार असेल, तर सुरुवात त्या मिठीच्या आधीपासून करा. रेणुका तिच्या झोपडीकडेच का धावली? आधीची ओळख होती का?