नानांची वही
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘सॉफ्टवेअर क्षेत्रातील वाटचाल’ असा विषय दिला होता. माफ करा, मी त्यावर बोलणार नाही. मी नानांबद्दल बोलणार आहे. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना ते मराठीला होते आणि उरलेल्यांनी त्यांच्या हातचा मार खाल्लेला आहे. आज गुडघ्यांमुळे ते येऊ शकले नाहीत. पण हे बोलायची परवानगी त्यांनी दिली आहे.

आई जाऊन गेल्या महिन्यात वर्ष झालं. चौदावा झाला, पाहुणे गेले आणि घरात नाना एकटे उरले. ज्या माणसानं चौतीस वर्षं हजेरी घेतली, त्याला ज्वारीचं पीठ कोणत्या डब्यात आहे हे माहीत नव्हतं. गॅसचा नंबर, बँकेचा ओटीपी, सगळं आईच्या मोबाईलवर यायचं. आजही आम्ही तिच्या नंबरचं रिचार्ज करतो. मी या धंद्यातली असून तो नंबर बदलून घेतलेला नाही. का, ते विचारू नका.

मी नानांना पुण्याला नेलं. तीन आठवडे राहिले आणि एक दिवस सकाळी पिशवी भरून बसले. ‘मला अंबाजोगाईच्या गाडीत बसवून दे.’ मी चिडले. नको ते बोलले. ‘हट्ट तुमचा आणि काळजी आमची,’ असंही म्हणाले. ते काही बोलले नाहीत.

दिवाळीत आले तेव्हा टेबलावर दोनशे पानी वही दिसली. नाना लिहीत होते. मला हुरूप आला. म्हटलं, नाना, आता फोनवर नुसतं बोललं तरी मराठीत टाइप होतं, शिकवते. ते म्हणाले, ‘बोललेलं लगेच उमटतं, तेच नको. हातानं लिहिताना थांबता येतं.’ मग हसून म्हणाले, ‘आपल्या गावच्या दासोपंतांनी तर पासोडीवर लिहिलं. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापड! मला निदान वही तरी आहे.’

त्या रात्री त्यांनी मला कवी अनिलांची गोष्ट सांगितली. वर्गात सांगायचे तशीच. अनिल १९५८ साली मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे. त्या पदावरच्या त्या पहिल्या स्त्री. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या गेल्या. अनिल पुढं वीस वर्षं जगले. १९७२ साली दोघांच्या तरुणपणीच्या पत्रांचं ‘कुसुमानिल’ निघालं. ‘दशपदी’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७७ साली, वयाच्या पंचाहत्तरीनंतर.

गोष्ट संपल्यावर नाना म्हणाले, ‘त्यांच्याजवळ पत्रं होती. आमच्यात एक पत्र नाही. एकाच घरात राहिलो, लिहायचं कशाला? आणि बोलायचंही राहून गेलं. म्हणून आता लिहितोय.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी वही माझ्या हातात दिली. त्यात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट होती. किल्लारीचा भूकंप. आपण आठवीत होतो, आठवतं ना? सगळी गल्ली रस्त्यावर आली होती. मला आठवत होतं ते नानांचं ओरडणं, सगळ्यांना मोकळ्या जागेत नेणं. माझ्या आठवणीत आई नव्हतीच. नानांनी लिहिलं होतं, ‘मी लोकांना सूचना देत होतो. ही मात्र शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना आणायला परत आत गेली होती. तिला भीती वाटली का, हे मी तिला कधीही विचारलं नाही.’

पुढच्या पानावर घराचा हिशोब होता. शिलाई मशीन, भिशी, मोडलेल्या पाटल्या. आपलं घर पगारातून झालं असं मी जन्मभर समजत होते. आणि खाली लिहिलं होतं, ‘मुलीला मी हट्टी वाटतो. तिचं चुकत नाही. पण बदली होईल तिकडं मी हिला नेलं, तुला कुठं राहायचंय असं एकदाही विचारलं नाही. हे एकच ठिकाण तिनं स्वतः निवडलं. ते मी कुलूप लावून जाऊ शकत नाही.’

मी वही मिटली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासत बसले. माफी मागायला मला दोन दिवस लागले. नाना म्हणाले, ‘अगं, मलाही हे लिहिल्यावरच कळलं.’

आता मी त्यांना पुण्याला चला म्हणत नाही. पण काळजी संपलेली नाही, हेही खरं सांगते. रात्री फोन लागला नाही की पोटात गोळा येतो. शेजारी किल्ली ठेवली आहे, स्वयंपाकाला मावशी येतात आणि मी महिन्यातून दोनदा येते. रोज सात वाजता नाना फोनवर एक पान वाचून दाखवतात. एखाद्या दिवशी म्हणतात, ‘आज काही सुचलं नाही, भाकरी मात्र गोल झाली.’ तेही मी पान समजूनच ऐकते.

मित्रांनो, आपण सगळे आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. आपल्या घरी कुणाचे वडील, कुणाची आई एकटी आहे. आपण त्यांना औषधं घेतली का विचारतो, जेवलात का विचारतो. मेळाव्याहून घरी गेल्यावर एक जास्तीचा प्रश्न विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. मी आईला विचारला नाही. ती जागा आता नानांच्या वहीतून थोडीथोडी भरते आहे.

नानांचा निरोप आहे : ‘मुलांना सांग, शुद्धलेखनाच्या वह्या मी आजही तपासून देईन.’ ज्यांचं गृहपाठाचं काम १९९६ पासून राहिलं आहे, त्यांनी उद्या सकाळी घरी यावं. चहा नाना स्वतः करतात. साखर थोडी जास्त असते, चालवून घ्या.