तर्काच्या प्रश्नांना कसे सामोरे जावे?

(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



समितीने आम्हाला विषय दिला तो कायद्याच्या प्रवेश परीक्षेतील तर्काच्या प्रश्नांचा. प्रवचन ऐकायला आलेल्या आयाबायांना वाटेल, हे काय मध्येच काढलं! पण आपल्या वस्तीतली मुले आता वकिलीकडे वळू लागली आहेत. बारावीला चांगले गुण असूनही ती या एका विभागात अडतात आणि घरी येऊन म्हणतात, "माझं डोकंच चालत नाही." हे आम्हाला मान्य नाही. डोके चालते. हा प्रश्न वाचायचा कसा, हे त्यांना कुणी सांगितलेले नसते, एवढेच.

आधी परीक्षेविषयी थोडे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून 'क्लॅट' घेतली जाते. अशी विद्यापीठे आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. २०२० पासून सगळे प्रश्न उताऱ्यांवर असतात. २०२४ च्या प्रवेशापासून प्रश्न १२० आणि मिनिटेही १२० अशी रचना झाली. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, आणि पेपर इंग्रजीत असतो. राज्याच्या विधी सीईटीला मराठीची सोय आहे, तिथे चुकीला गुण कापत नाहीत. म्हणून तिथे एकही प्रश्न कोरा ठेवून येऊ नका, हे पहिले सांगणे.

आता मुद्द्यावर येऊ. निम्म्याहून अधिक गोंधळ आम्हाला दोन शब्दांत दिसतो, 'तर' आणि 'तरच'. आपल्या वाचनालयाचा नियम घ्या. सभासद असाल तरच पुस्तक घरी नेता येते. एखादी ताई पुस्तक घरी घेऊन गेली, म्हणजे ती सभासद आहे, हे नक्की. पण दुसरी ताई सभासद आहे, म्हणून तिने पुस्तक नेलेच असेल का? नाही. बऱ्याच सभासदांनी वर्षभरात एकही नेलेले नाही, हे समितीला ठाऊकच आहे! पेपरात नेमका हा उलटा फिरवलेला पर्याय ठेवलेला असतो, आणि घाईत मुले तोच उचलतात.

हे काही परदेशातून आलेले शास्त्र नाही. आचार्य दिङ्नाग आणि त्यांच्यानंतरचे धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी हेच काटेकोरपणे मांडले. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान टिकायचे तर तीन गोष्टी हव्यात. धूर त्या डोंगरावर खरोखर हवा. जिथे अग्नी असतो अशा ठिकाणी, उदाहरणार्थ चुलीशी, तो आढळायला हवा. आणि जिथे अग्नी नाही, जसे तळ्यात, तिथे तो कधीच आढळता कामा नये. पण उलट म्हणाल, अग्नी आहे म्हणून धूर असणारच, तर ते फसते. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. 'तर' उलटा फिरत नाही, हे एवढ्यावरून लक्षात राहील.

दुसरा प्रकार म्हणजे युक्तिवाद बळकट करा किंवा कमकुवत करा. इथे आधी प्रश्न वाचा, मग उतारा. उताऱ्यात 'म्हणून' कुठे आहे ते शोधा. इंग्रजीत 'देअरफोर', 'हेन्स', 'सो' असे शब्द असतील, कधी काहीच नसेल आणि निष्कर्ष पहिल्याच वाक्यात बसलेला असेल. समजा उतारा असा आहे, वस्तीत अभ्यासिका सुरू झाली, त्या वर्षी दहावीचा निकाल वाढला, म्हणून अभ्यासिकेमुळे निकाल वाढला. ऐकायला किती गोड! पण त्याच वर्षी सगळ्या राज्याचा निकाल वाढला असेल तर? युक्तिवाद ढिला पडतो. आणि अभ्यासिकेत न येणाऱ्या मुलांचा निकाल होता तिथेच राहिला, असे कळले तर तो बळकट होतो. जे वाक्य आपल्याला मनापासून आवडते तिथेच पेन्सिल थांबवायची, ही सवय लावा.

न आवडणाऱ्या वाक्याचे तर त्याहून अवघड. आमच्या रविवारच्या वर्गात एका हुशार मुलीचे सलग चार प्रश्न चुकले. उतारा आरक्षणाच्या विरोधात होता. प्रश्न होता, लेखकाने काय गृहीत धरले आहे? तिने स्वतःला पटणारे पर्याय निवडले होते. आम्ही विचारले तर डोळ्यांत पाणी. "सर, पण तो खोटं लिहितोय!" खोटे लिहितही असेल. पण तो खोटा आहे का, असे विचारलेलेच नाही. तो कशावर उभा आहे, हे विचारले आहे. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्ट मानू नका म्हणून सांगितले, मग उताऱ्यातले का मानायचे, असेही मुले विचारतात. मानायचे नाही, तासाभरासाठी धरून तपासायचे.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच केले. जात म्हणजे श्रमविभागणी आणि श्रमविभागणी प्रत्येक समाजाला लागतेच, असे समर्थक म्हणत. बाबासाहेबांनी तो युक्तिवाद पूर्ण मांडला आणि मग त्याच्या पोटातले गृहीतक बाहेर काढले. इथे कामाची नव्हे तर माणसांची वाटणी आहे, आणि तीही कुवत न बघता जन्मावरून. पेपरात याला सोपी कसोटी आहे. पर्याय उलटा करून बघा. 'कामे कुवतीप्रमाणे वाटली जातात' हे उलटे करा, 'वाटली जात नाहीत'. युक्तिवाद कोसळला? मग तेच गृहीतक. त्या मुलीला हे उमगल्यावर पुढच्या रविवारी तिने तसाच उतारा सोडवला, चारही बरोबर. शिवाय लेखकाला कुठे पकडायचे तेही तिने आम्हालाच समजावून सांगितले.

बाकी किरकोळ. 'सर्व', 'कधीच नाही', 'फक्त' असे ठाम शब्द पर्यायात दिसले तर उताऱ्यात तेवढा ठामपणा आहे का बघा. 'काही मुले आली' म्हणजे 'काही आली नाहीत' असे तर्कात ठरत नाही, बोलताना आपण काहीही समजत असलो तरी. क्लॅटमध्ये दोन पर्याय खात्रीने कापता आले, तर उरलेल्या दोघांतला एक निवडाच, कारण त्यात तोट्यापेक्षा फायदा जास्त आहे. एका प्रश्नावर दोन मिनिटे गेली की पुढे सरका. आणि इंग्रजीचा बाऊ नको. रोज एक अग्रलेख वाचा, त्यातला निष्कर्ष अधोरेखित करा, कारणे मोजा. वृत्तपत्र विहारात येतेच.

पालकांना एक विनंती. मुलाचा सराव पेपर हातात आला की गुण किती, हे शेवटी विचारा. चुकलेला प्रश्न त्याला मोठ्याने समजावून सांगायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसले तरी चालेल, तो मराठीतच सांगेल. सांगता सांगता कुठे अडखळतो, ते तुम्हाला बरोबर कळेल. चूक तिथेच असते.

वर्ग दर रविवारी वंदनेनंतर याच सभागृहात असतो. येताना पेन्सिल आणि आठवड्याभरातले एखादे वृत्तपत्र आणावे. नमो बुद्धाय! जय भीम!